उंच गड्याचें मोल



खेळांच्या इतिहासांत नांव राहतें तें बहुधा गोल करणाराचें. ज्यानें चेंडू प्रथम आपल्या पक्षाकडे वळविला, त्याची आठवण क्वचितच ठेवली जाते. अशाच एका गड्याची ही हकीगत आहे.

ऑस्ट्रेलियन फुटबॉल हा आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून अगदीं निराळा खेळ होय. त्याचे पहिले नियम मेलबर्न येथें १८५९ सालीं लिहिले गेले. मैदान लंबवर्तुळाकार, चेंडू अंडाकृति, आणि प्रत्येक पक्षाचे गडी १८. चेंडू हातीं घेऊन धांवण्यास मुभा आहे. मात्र तो फेंकतां येत नाहीं. तो लाथेनें मारावा लागतो, किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनें ठोसावा लागतो. आरंभीं व प्रत्येक गोलानंतर पंच मध्यभागीं चेंडू उंच उडवितो, आणि त्यासाठीं दोन्ही पक्षांचा एकेक उंच गडी झेप घेतो. हाच ‘रकमन’. त्यानें चेंडूस हवेंतच टोला देऊन खालीं टपलेल्या आपल्या चपळ ‘रोव्हर’कडे पोंचवावा, अशी योजना असते.

येथें एक शंका सहज निघते. टोला जिंकूनही चेंडू प्रतिपक्षाच्याच हातीं पडला, तर त्या उंचीचा उपयोग काय? मग या एका कामासाठीं स्वतंत्र गडी बाळगावा कशाला?

या शंकेस उत्तर दिलें तें ग्रॅहम फार्मर यानें. लोक त्यास ‘पॉली’ म्हणत. तो १९३५ सालीं पश्चिम ऑस्ट्रेलियांत जन्मला. त्याची आई नूंगार या आदिवासी जमातीची. बालपण पर्थच्या अनाथगृहांत गेलें. लहानपणीं झालेल्या पोलिओमुळें त्याचा एक पाय दुसऱ्याहून आंखूड राहिला होता. झेपेवरच ज्याचें सर्वस्व अवलंबून, त्या स्थानावर असा मुलगा नांवाजला जावा, हें नवलच!

फार्मर केवळ उंच उडत नसे. चेंडू कोठें व कोणाच्या हातीं पडावा, हें तो आधींच ठरवीत असे. मुठीनें चेंडू देणें हा पूर्वीं अडचणींतील उपाय समजला जाई. त्यानें तेंच चढाईचें साधन केलें. १९६२ सालीं तो जिलाँग संघांत आला, पण पहिल्याच सामन्यांत गुडघा दुखावला. १९६३ सालीं मात्र त्याची व रोव्हर बिली गॉगिन याची जोडी जमली, आणि जिलाँगनें अंतिम सामन्यांत हॉथॉर्नचा १०९ विरुद्ध ६० गुणांनीं पराभव केला. तथापि एकट्या गड्यानें सर्व कांहीं साधत नाहीं. १९६७ च्या अंतिम सामन्यांत तोच फार्मर असतांना जिलाँगला रिचमंडपुढें हार खावी लागली.

या झेपांची किंमत शरीरास मोजावी लागते. लांबून धांवत येऊन आदळणाऱ्या रकमनांचे गुडघे निकामी होऊं लागले, तेव्हां २००५ सालीं दहा मीटरांचें वर्तुळ आंखून त्यांच्या धांवेस मर्यादा घातली गेली. फार्मर २०१९ सालीं वारला. वारंवार डोक्यास बसलेल्या आघातांशीं निगडित असा मेंदूचा विकार त्यास जडला होता, असें मृत्यूनंतरच्या तपासणींत आढळलें. या खेळांतील गड्याच्या बाबतींत असें निदान तेंच पहिलें.

रकमनचें मोल टोल्यांच्या संख्येनें ठरत नाहीं. खालीं उभा असलेला सोबती त्या चेंडूचें काय करूं शकला, यावरून तें ठरतें. पण तें मोल मांडतांना खर्चाची बाजूही वहींत लिहिली पाहिजे.