दक्षिणा, बक्षीस आणि संशोधन

राज्याने विद्येसाठी पैसा खर्च करावा, याविषयी आपल्याकडे फारसा मतभेद कधीच नव्हता. पेशव्यांनी तो केला, इंग्रजांनी केला आणि स्वातंत्र्यानंतर आपल्याच सरकारनेही केला. वाद पडतो तो पुढच्या प्रश्नावर: हा पैसा कोणत्या रीतीने द्यावा? वरवर पाहता हा प्रश्न हिशेबनिसांचा वाटतो. परंतु गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास चाळला तर असे आढळते की, विद्या समाजाच्या कोणत्या थरापर्यंत पोहोचली हे रकमेच्या आकड्यापेक्षा ती देण्याच्या रीतीवरच अधिक ठरले. पुण्याच्या दक्षिणा फंडाची हकिकत या दृष्टीने फार बोधप्रद आहे. आणि तिचा एक धागा आपल्या रत्नागिरीतूनही गेलेला आहे.

पेशवाईत श्रावणमासी पुण्यात दूरदूरचे ब्राह्मण जमत. नावाजलेल्या शास्त्र्यांचा परामर्श वेगळा घेतला जाई; बाकीच्यांना पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात दक्षिणा वाटली जाई. हेतू विद्येला आश्रय देण्याचा होता आणि त्या आश्रयाने मोठमोठे पंडित पोसले गेले, हे नाकारता येणार नाही. पण पैसा दिला जाई तो व्यक्तीला आणि तिच्या पुण्याईला. त्या विद्येने पुढे काय करावे, ती कोणाला शिकवावी, अशी अपेक्षा त्या दानात नव्हती. त्यामुळे विद्या टिकली, परंतु पसरली नाही. ज्याच्या शेतसाऱ्यातून ही दक्षिणा निघे, त्या कुणब्याच्या दारापर्यंत ती येण्याचे कारणच नव्हते.

1818 साली पेशवाई गेली. दक्षिणा एकाएकी बंद केली तर असंतोष माजेल, हे एल्फिन्स्टनसाहेब ओळखून होते. म्हणून त्यांनी ती चालू ठेवली. मात्र खर्चाला वर्षाकाठी 50,000 रुपयांच्या सुमाराची मर्यादा घातली आणि त्यातलाच काही भाग शिक्षणाकडे वळवला. 1821 साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली ती अशी. दान तेच, पण आता त्याच्या पोटी एक संस्था उभी राहिली. पुढे काही वर्षांनी नव्या लोकांना दक्षिणा देणे थांबले. जुने दक्षिणाधारी जसजसे निवर्तू लागले, तसतशी रक्कम शिल्लक पडू लागली, आणि या शिलकीचे काय करावे हा प्रश्न निघाला.

1849 साली लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि पुण्यातील काही तरुण मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की, दक्षिणेच्या पैशातून मराठी भाषेत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांना बक्षिसे द्यावीत. शहरात मोठा गहजब झाला. धर्मादाय पैसा प्राकृत पुस्तकांवर उधळावा, हे जुन्या मंडळींना सहन होणारे नव्हते. तरीही मागणी मान्य होऊन 1851 साली दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. हा पालट लहान नव्हे. पूर्वी पैसा जन्म आणि पाठांतर पाहून मिळे. आता तो केलेले काम पाहून मिळू लागला, आणि ते काम सर्वांना वाचता येईल अशा भाषेत असावे लागले. मराठी गद्य त्या काळी बाल्यावस्थेत होते. त्याला या बक्षिसांनी हात दिला.

परंतु बक्षीस म्हटले की परीक्षक आला. जोतीराव फुल्यांनी 1855 साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून याच कमिटीकडे पाठवले. ते नामंजूर झाले. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी पुढे ‘गुलामगिरी’त नमूद केले आहे. ज्या नाटकात कुणब्याच्या अज्ञानाची आणि नागवणुकीची कैफियत होती, ते कुणब्याच्याच पैशातून चाललेल्या फंडाला पसंत पडू नये, यातील विसंगती आपण ध्यानात घेतली पाहिजे. पैसा सार्वजनिक होता, नियम चांगले होते. पण निवाडा करणारे एकाच वर्गाचे असले की, कोणते ज्ञान उपयुक्त हेही तोच वर्ग ठरवतो. 1882 साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी हीच तक्रार अधिक व्यापक रूपात मांडली: सारा रयत भरते आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो.

याच फंडातून पुढे कॉलेजातील होतकरू तरुणांना दक्षिणा फेलोशिपा मिळू लागल्या. या रीतीचा गुण असा की, ती केलेल्या कामाची पाठ थोपटीत नसे, तर काम करण्यासाठी निवांत वेळ देई. न्यायमूर्ती रानडे हे दक्षिणा फेलो. 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू करणारे तेच. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हेही दक्षिणा फेलो. मालवणला 1837 साली जन्मलेला आणि रत्नागिरीच्या शाळेत शिकलेला हा मुलगा 1865 साली येथल्याच हायस्कुलात हेडमास्तर होऊन आला. पंडितांच्या जगात त्यांचे नाव झाले ते शिलालेख आणि हस्तलिखिते यांवरील संशोधनाने. पण समाजात त्यांची विद्या सर्वांत दूरवर गेली ती ‘मार्गोपदेशिका’ या शालेय पुस्तकाने. पाठशाळेची पायरी ज्यांना चढता येत नव्हती, अशा मुलांनाही त्याने संस्कृतचे दार उघडून दिले. संशोधकानेच शाळेत शिकवावे लागले, म्हणून हे पुस्तक झाले, असे आम्हांस वाटते.

हाच धडा पुढे आपल्या बागांतही पाहावयास मिळतो. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र 1957 साली निघाले. वेंगुर्ले तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होते. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून झालेला ‘रत्ना’ आंबा तेथून 1981 साली प्रसारित झाला. संकराचे झाड फळावर येण्यासच काही वर्षे जातात. मग ते दरसाल धरते की नाही, फळात साका होतो की नाही, हे पाहण्यास आणखी कित्येक हंगाम लागतात. दोन-तीन वर्षांच्या मंजुरीवर असे काम होत नाही. त्याला दीर्घकाळ धीर धरणारी तिजोरी लागते.

आणि एवढ्यानेही भागत नाही. चांगले कलम तयार झाले, तरी ते लावून पहिली काही वर्षे जगवण्याचा खर्च लहान शेतकऱ्याला कोठून झेपणार? 1990 साली महाराष्ट्र सरकारने रोजगार हमी योजनेला फळबाग लागवडीची जोड दिली, तेव्हा कोकणातील वरकस, कातळ जमिनीवर आंबा-काजूची कलमे मोठ्या प्रमाणात लागली. संशोधन एका खात्याचे आणि ते बांधापर्यंत नेणारा पैसा दुसऱ्या खात्याचा! दोन्हींची गाठ पडली नसती, तर कलमे ज्याच्या पदरी पैसा त्याच्याच बागेत राहिली असती.

तात्पर्य, संशोधनावर किती खर्च झाला एवढेच विचारून नागरिकांनी थांबू नये. निवड करणारांत कोण बसले आहे, काम पुरे होईतो पैसा टिकणार आहे का, आणि ज्ञान हाती आल्यावर ते लोकांपर्यंत नेण्याची तरतूद आधीच केली आहे का, हेही विचारावे. रमण्यात ओंजळ पसरणारास हे प्रश्न विचारण्याचा अधिकार नव्हता. कर भरणाऱ्या नागरिकास तो आहे, आणि त्याने तो बजावला पाहिजे.