वारली कोणाचे?

बोईसरहून गाडीने उत्तरेला निघालात की वाणगाव, डहाणू, घोलवड, बोर्डी मागे पडते आणि उंबरगाव येते. गुजरात लागल्याचे फलकावरच्या लिपीवरून कळते; दोन्हीकडच्या पाड्यांत माणसे वारलीच.

दक्षिण सुदानचे नुएर आणि दिन्का शेजारी आहेत. दोघेही गुरे पाळणारे, आपसात सोयरिकी करणारे. डिसेंबर २०१३ मध्ये जुबा या राजधानीत साल्वा कीर आणि रिएक माचार यांचे सत्तेसाठी फाटले. एक दिन्का, दुसरा नुएर. मग जमात पाहून माणसे मारली गेली. आपल्याकडे इतके टोक गाठले नाही, पण वरच्यांच्या भांडणात वारल्यांचीही ओढाताण झाली.

द्विभाषिक मुंबई राज्य मोडताना वाद पडला, यांची बोली मराठी की गुजराती? ग्रिअर्सनने ती मराठीच्या खंडात घातली होती. खुद्द वारल्यांचा झगडा निराळा होता. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेबरोबर ते वेठीविरुद्ध उठले. लग्नासाठी कर्ज काढलेला ‘लग्नगडी’ बायकोसह सावकाराकडे राबे. पाचशे रत्तल गवत कापण्याचे अडीच रुपये द्या, ही मागणी. जमीनदारांत हिंदू होते, पारशी होते, आमचे मुसलमानही होते. लुबाडताना कोणी बोली विचारली नाही.

१ मे १९६० ला उंबरगाव तालुक्यातली पन्नासेक गावे गुजरातेत गेली. उठावाची झरी इकडे, तलासरीत राहिली. भाऊबंदांची मुले दोन लिप्या शिकली. लग्नाच्या चौकात पालघट देवी मात्र दोन्हीकडे तांदळाच्या पिठानेच काढतात.