बेने इस्राएल समाजाचे ग्रामजीवन : आडनावांची साक्ष

युरोपातील अनेक प्रदेशांत ज्यूंना जमीन धारण करण्यास मनाई होती. त्यामुळे अमेरिकेत न्यू जर्सीतील अलायन्स येथे १८८२ मध्ये रशियातून आलेल्या ज्यू निर्वासितांची शेतकरी वसाहत संस्थांच्या साहाय्याने मुद्दाम वसवावी लागली. कोकणातील बेने इस्राएल समाज मात्र ग्रामव्यवस्थेचाच घटक होता. तेल गाळणे हा त्याचा प्रमुख व्यवसाय. काही कुटुंबे शेतीही करीत. शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले जाई. पेणकर, किहीमकर, दिवेकर ही आडनावे गावांवरूनच आली.

अठराव्या शतकापासून हा समाज मुंबईकडे सरकला. तेथील पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी उभारले; ठाण्यातील १८७९ चे. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. घाणे थांबले, आडनावे उरली. केवळ सिनेगॉगांच्या आधारे लिहिलेला इतिहास नागरी ठरतो. गावांतील दफनभूमी, जमिनीचे दप्तर आणि वृद्धांच्या आठवणी यांची नोंद झाल्यासच तो पूर्ण होईल. ठाणे-कल्याण परिसरातील महाविद्यालयांनी हे काम विनाविलंब हाती घेणे आवश्यक आहे.