फुगा नेमका केव्हा फुगवायचा?

मागच्या आठवड्यात माझ्या ईसीजीच्या प्रोग्रामने एका हृदयाचे ठोके चक्क दुप्पट मोजले. उंच टी-वेव्हलाही तो आर-वेव्ह समजत होता. माझा फक्त एक आलेख चुकला. पण हीच चूक महाधमनीत फुगा फुगवणाऱ्या यंत्राने केली तर?

या यंत्राची गोष्ट १९५३ पासून सुरू होते. डाव्या जवनिकेच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः हृदय सैल पडतं तेव्हा. मग दाबाची लाट थोडी उशिरा, त्या विश्रांतीच्या काळात पोहोचवली तर? अ‍ॅड्रियन कँट्रोविट्झ (सर्जन) आणि आर्थर कँट्रोविट्झ (भौतिकशास्त्रज्ञ) या भावांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं, की असं केल्यास हृदयाचा रक्तपुरवठा वाढतो. पुढे ड्वाइट हार्कन यांनी मांडीच्या धमनीतून रक्त बाहेर काढून ठोक्यानंतर परत ढकलायची कल्पना मांडली. पण त्यात रक्तपेशी फुटायच्या.

१९६२ मध्ये क्लीव्हलँडला मौलोपोलस, टोपाझ आणि कोल्फ यांनी रक्त बाहेर काढणंच टाळलं. फुगा थेट महाधमनीत! आता सगळा भार आला इलेक्ट्रॉनिक्सवर. मिनिटाला १२० ठोके असतील तर एका ठोक्याला मिळतो अर्धा सेकंद. त्यात महाधमनीची झडप मिटताच फुगा फुगायला हवा आणि पुढच्या आकुंचनाआधी रिकामा व्हायला हवा. आर-वेव्ह दिसते ती स्नायू प्रत्यक्ष आवळण्याच्या किंचित आधी; यंत्र जगतं ते त्या काही मिलिसेकंदांवर. रिकामा व्हायला उशीर झाला, तर थकलेलं हृदय फुग्याविरुद्धच रक्त ढकलत बसतं. हलका हेलियम वापरतात तो यासाठीच, बारीक नळीतून तो झटकन ये-जा करतो.

१९६७ मध्ये ब्रुकलिनला अ‍ॅड्रियन कँट्रोविट्झ यांनी शॉकमधल्या रुग्णावर हा पंप पहिल्यांदा वापरला. मग तो जगभर पसरला. मोठी यादृच्छिक चाचणी व्हायला मात्र २०१२ उजाडलं: हृदयविकाराच्या झटक्यानंतर शॉकमध्ये गेलेले ६०० रुग्ण, ३० दिवसांतले मृत्यू पंप लावलेल्यांत ३९.७ टक्के, न लावलेल्यांत ४१.३. म्हणजे फरक सिद्ध झालाच नाही.

हा पेपर वाचाच, पण त्याआधी १९६२ चा वाचा. क्रम उलटा केलात, तर त्या लोकांना एवढी खात्री का वाटत होती ते कळणार नाही.