हू, विच, दॅट : नियम कुणी केले?

इंग्रजीच्या शालेय व्याकरणात विशेषणवाक्याचा धडा आला की त्यामागून नियमांची रांग येते. माणसासाठी हू, वस्तूसाठी विच. नेमकी ओळख पटवायची असेल तर दॅट, जादा माहिती द्यायची असेल तर स्वल्पविराम देऊन विच. आणि वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन लोंबकळता कामा नये. हे सगळे नियम एकाच तोलाचे समजून शिकवले जातात, आणि माझा आक्षेप त्यालाच आहे. यातले काही नियम बोलणाऱ्यांच्या अनेक पिढ्यांनी घडवले, तर काही एकेका लेखकाच्या आवडीतून आले. हा फरक इतिहास पाहिल्याशिवाय कळत नाही.

या तिघांत दॅट सर्वांत जुने. विच मध्ययुगात संबंधी सर्वनाम म्हणून पुढे आले. कर्त्याच्या जागी हू तर त्याहून उशिरा, सोळाव्या-सतराव्या शतकांत रुळले. म्हणूनच 1611च्या इंग्रजी बायबलमधल्या प्रार्थनेत स्वर्गातल्या पित्यालाही विच लावलेले आहे. त्या काळच्या कानाला त्यात देवाचा अवमान वाटत नव्हता. पुढे माणूस आणि वस्तू यांची वाटणी पक्की होत गेली, आणि 1795 साली लिंडली मरेने आपल्या शालेय व्याकरणात ती नियम म्हणून नोंदवली. इथे व्याकरणकार प्रचाराच्या मागून चालला. उलट, 1711 साली रिचर्ड स्टीलने ‘स्पेक्टेटर’मध्ये हू आणि विच यांच्या नावाने एक अर्ज छापला. दॅट या उपऱ्याने आमची जागा बळकावली, अशी त्यात तक्रार होती. वस्तुस्थिती नेमकी उलटी होती. पण सुशिक्षितांच्या मनात दॅट गावंढळ ठरवणाऱ्या दृष्टीचा हा बोलका पुरावा आहे. प्रिपोझिशनचा नियमही असाच. 1672 साली ड्रायडनने बेन जॉन्सनच्या वाक्यांत हा दोष काढला आणि नंतर स्वतःच्या जुन्या लेखनातली तशी वाक्येही बदलली. लॅटिनमध्ये तशी रचना होत नाही, इंग्रजीत मात्र ती पूर्वापार होती.

दॅट आणि विच यांची काटेकोर वाटणी तर विसाव्या शतकातली. 1926च्या आपल्या कोशात फाउलरने ती सुचवली, आणि बहुसंख्य किंवा उत्तम लेखक ती पाळत नाहीत हेही तिथेच प्रामाणिकपणे लिहिले. अमेरिकी संपादकांनी त्या सूचनेचा कायदा केला. ब्रिटनमध्ये नेमकी ओळख पटवणारे विच आजही सर्रास छापले जाते.

यावर शिक्षक म्हणतील की विद्यार्थ्याला आधी ठाम नियम हवा, इतिहास नंतर. ही अडचण खरी आहे. पण ठामपणा जिथे अर्थ बदलतो तिथे हवा. ‘माय ब्रदर हू लिव्ह्ज इन पुणे’ यात स्वल्पविराम नसेल, तर भाऊ एकाहून अधिक आहेत आणि त्यांतला पुण्याचा सांगितला जातो आहे. ब्रदरपुढे आणि पुणेपुढे स्वल्पविराम दिले, तर भाऊ एकच. बोलतानाही तिथे आवाज थांबतो. हा भेद पाळलाच पाहिजे, त्यासाठी गुण कापले तरी हरकत नाही. ओळख पटवताना दॅटऐवजी विच लिहिले म्हणून मात्र कापू नयेत.

मराठी मुलाची खरी अडचण या वादात हरवते. ‘मी काल आणलेले पुस्तक’ म्हणताना आपले सारे विशेषण नामाच्या आधी येते. ‘जे पुस्तक मी काल आणले ते’ अशी जोड-रचना केली, तरी जो-वाक्य बहुधा आधी आणि मुख्य वाक्य नंतर. इंग्रजीत नाम आधी येते आणि विशेषणवाक्य त्याला लागून मागे. शिवाय संबंधी सर्वनाम कर्म असेल तर ते गाळताही येते : ‘द बुक आय बॉट’. इंग्रज माणूस बोलताना ही रचना सतत वापरतो. नामाला लगेच दुसरा कर्ता भिडलेला पाहून आपला वाचक तिथेच अडखळतो, म्हणून या रचनेला धड्यात ऐसपैस जागा हवी, आणि दॅट-विचच्या वाटणीला एखादी ओळ पुरे.