उंच गाडीचा पूर्वपक्ष

पाथरीत कुणी जुनी चारचाकी घ्यायला निघाला, की त्याला सल्लागारांचा तोटा नसतो. सल्ला मात्र सगळ्यांचा एकच : बोलेरो घे, फार तर स्कॉर्पिओ. कारणंही पाठ असतात. रस्ते खराब, म्हणून गाडी उंच पाहिजे. शेतातलं सामान न्यायचं, म्हणून सांगाडा दणकट पाहिजे. उद्या विकायला काढली तर चार पैसे आले पाहिजेत. यावर कुणी स्टेशन वॅगनचं नाव काढलं, म्हणजे मोटारीच्याच बुडावर मागपर्यंत छत ताणलेली, लांब, बुटकी, मोठ्या डिक्कीची गाडी, तर तो विषय एका वाक्यात मिटवला जातो : ‘ती आपल्याकडं चालली नाही.’

हे मत इतकं सर्वमान्य आहे की त्याला कुणी पुरावा मागत नाही. माझं म्हणणं असं, की पाथरीच्या बहुतेक कुटुंबांना लागते ती गाडी लांब, बुटकी आणि हलकीच आहे. ती चालवायलाही जास्त मजेची आहे. आणि ती आपल्याकडं चालली नाही हे तर साफ खोटं आहे. पाथरीला वाद नवे नाहीत. पाथरी हेच साईबाबांचं जन्मस्थान, या दाव्यावरून जानेवारी २०२० मध्ये शिर्डी बंद झाली होती. त्या मानानं हा वाद किरकोळ, आणि मोजपट्टीनं सुटण्यासारखा.

आधी उंची. न्यायशास्त्रात ‘असिद्ध’ नावाचा हेत्वाभास सांगितला आहे : ज्या कारणावर युक्तिवाद उभा, ते कारणच त्या वस्तूत सापडत नाही. बोलेरोची उंची हा त्याचा चांगला नमुना. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे बोलेरोचा ग्राउंड क्लिअरन्स १८० मिलिमीटर, स्कॉर्पिओचाही तेवढाच. २०१२ साली आलेल्या मारुती अर्टिगाचा १८५. डोळ्याला उंच दिसतं ते छत आणि बॉनेट. दगड लागतो बुडाला. यावर पूर्वपक्षाचा, म्हणजे उंच गाडीवाल्यांचा, एक आक्षेप खरा आहे, तो मान्य केला पाहिजे. हे आकडे रिकाम्या गाडीचे. सात माणसं आणि मागं पोती टाकली, की अर्टिगाच्या स्प्रिंगा बऱ्याच दबतात, बोलेरोचे पाटे कमी दबतात. पण सात माणसं आणि पोती एकाच गाडीत एकाच दिवशी किती वेळा जातात? पोळ्याला, लग्नाला, फार तर आणखी एखाद्या वेळी. त्या दिवसासाठी वर्षभर पाट्यांचे हादरे खायचे का, हा खरा प्रश्न आहे.

उंचीचं हे खूळ किती वरवरचं आहे ते २०१३ साली दिसलं. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा लांब, १५०० सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या आणि १७० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक ग्राउंड क्लिअरन्सच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २७ टक्क्यांवरून ३० टक्के झालं. महिंद्रानं काय केलं, तर एक्सयूव्ही ५०० चा क्लिअरन्स २०० वरून १६० वर आणला. म्हणजे चित्त्यावर बेतलेली ती दांडगी गाडी पोटाखाली तेव्हाच्या स्विफ्टपेक्षाही दहा मिलिमीटरनं खाली आली. तरी लोक तिच्याकडं ‘उंच गाडी’ म्हणूनच पाहत राहिले.

आता रस्ते. पाथरीतून जातो तो राष्ट्रीय महामार्ग ६१, कल्याणहून नगर, पाथर्डी, माजलगाव करत पाथरी, मानवत, परभणी, नांदेड आणि पुढं निर्मलला. पाथरीच्या गाडीची बहुतेक धाव याच रस्त्यावर : मानवतचा मोंढा, परभणीची कचेरी, कृषी विद्यापीठ, दवाखाना, मानवत रोडचं रेल्वे स्टेशन. इथली जमीन काळी. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता तिच्यासोबत हलतो. म्हणून आपल्याकडच्या रस्त्याचा खरा दोष दगडधोंडे हा नाही. रस्ता लाटांसारखा वरखाली होणं आणि कडा खचणं हा आहे. अशा रस्त्यावर कामाला येतात ते शॉकअप आणि स्प्रिंगा, पोटाखालचे पाच-दहा मिलिमीटर नाहीत.

‘पण पावसाळ्यात शेतात जायचं तर?’ तर बोलेरोही जात नाही. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या कडेनं किंवा पांदणीनं जुलै महिन्यात गाडी घातलेल्याला हे सांगावं लागणार नाही. काळा चिखल टायरच्या खाचांत भरतो, टायर गुळगुळीत होतो आणि जागेवर फिरतो. गाडी किती उंच आहे याच्याशी त्याचा काही संबंध उरत नाही. बाजारात मिळणाऱ्या जुन्या बोलेरोंपैकी बहुतेक फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या. रिकाम्या असताना त्यांचं वजन पुढं आणि ताकद मागं. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी इंजिनाचं ओझं त्याच चाकांवर घेते, म्हणून रिकामी असताना तीच बरी निघते. खरा चिखल असेल तर ट्रॅक्टर आहेच.

सामानाचा मुद्दा कधीकाळी भक्कम होता. मे २००५ मध्ये टाटा एस, आपला छोटा हत्ती, आला आणि तो मुद्दा निकालात निघाला. आज खताच्या गोण्या, सरकी, पाइप, सोयाबीन कोण घरच्या गाडीत भरतं? फोन केला की छोटा हत्ती नाहीतर पिकअप दारात. घरच्या गाडीत जातं ते वेगळं सामान : आजारी माणूस, त्याची गादी, मुलीचं हॉस्टेलचं बाडबिस्तर, पंपाची जळालेली मोटार, सणाचा बाजार. यासाठी लागते लांब, सपाट, खाली असलेली डिक्की. आणि लागते ती कमी उंचीची पायरी. नऊवारी नेसलेल्या, गुडघे धरलेल्या आजीला बोलेरोत चढवताना दोन माणसं लागतात. अर्टिगाच्या मधल्या सीटवर ती स्वतः बसते. या एका गोष्टीचा हिशोब टपरीवरच्या सल्ल्यात कधीच नसतो, कारण सल्ला देणारे सगळे स्वतः स्टिअरिंगवर बसणारे असतात.

तिसरा मुद्दा, विकताना पैसे येण्याचा. हा तर सरळ उलटा फिरतो. बोलेरोचा भाव पडत नाही हे खरं, पण त्याचा फायदा विकणाऱ्याला. तुम्ही जुनी घेणारे. तो न पडलेला भाव तुमच्याच खिशातून जातो. त्याच पैशात कमी वर्षांची, कमी चाललेली अर्टिगा मिळत असेल, तर विक्रीच्या दिवशीचं सुख आज विकत घेण्यात शहाणपण कसलं?

सुरक्षिततेबद्दल थोडंच. जड आणि उंच गाडी सुरक्षित, ही समजूतही तपासलेली नाही. २०१६ साली ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला शून्य तारे मिळाले. अर्टिगाला २०१९ मध्ये तीन मिळाले आणि २०२४ मध्ये कडक झालेल्या नियमांखाली एकच, तेव्हा तिचीही आरती ओवाळायचं कारण नाही. दोन एअरबॅग आणि एबीएस असलेलीच आवृत्ती घ्यावी, एवढं म्हणून थांबतो.

आता मूळ आक्षेपाकडं येऊ : स्टेशन वॅगन आपल्याकडं चालली नाही. टाटानं १९९२ साली एस्टेट आणली. पिकअपच्या सांगाड्यावर उभी, टर्बो नसलेलं १९४८ सीसीचं डिझेल इंजिन. दिसायला मर्सिडीजसारखी, धावायला पिकअपसारखी. ती पडली यात वॅगन या कल्पनेचा दोष काय? पुढं मारुतीची बलेनो अल्टुरा, ओपेलची कोर्सा स्विंग, २००४ ची टाटा इंडिगो मरिना आल्या. आपल्या मराठवाड्यातच, शेंद्र्याच्या कारखान्यात, २००१ पासून स्कोडाची ऑक्टाव्हिया जुळू लागली आणि तिची कॉम्बी ही वॅगनही भारतात विकली गेली. यातल्या काही महाग होत्या, काहींचं पेट्रोल परवडत नव्हतं, मरिनाला टॅक्सीवाल्या इंडिगोची सावली भोवली. तरी धंदा उभा राहू शकला असता. त्याला खरा फटका बसला २००६ च्या अर्थसंकल्पात. चार मीटरच्या आतली, पेट्रोल असेल तर १२०० आणि डिझेल असेल तर १५०० सीसीच्या आतली गाडी ‘छोटी’ ठरली आणि तिच्यावरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्के झालं. वॅगनचा सगळा अर्थ लांबीत. सरकारनं मोजपट्टी नेमकी लांबीलाच लावली. मग कंपन्यांनी गाड्यांच्या शेपट्या कापल्या. २०१६ ची बोलेरो पॉवर प्लससुद्धा चार मीटरच्या आत बसावी म्हणून आखूड झाली. गिऱ्हाइकानं वॅगन नाकारली असं म्हणणं म्हणजे खानावळीनं भाकरी बंद केल्यावर लोकांना भाकरी आवडत नाही असा निष्कर्ष काढणं.

आणि एवढं होऊनही ती चालली. अर्टिगा ४२६५ मिलिमीटर लांब, म्हणजे मोठ्या गाडीचा कर भरूनच विकली गेली. स्विफ्टच्याच बुडावर लांबवलेली, मागपर्यंत छत ताणलेली. २०२४ च्या सुरुवातीला तिच्या विक्रीनं दहा लाखांचा टप्पा ओलांडला. तिला कंपनी एमपीव्ही म्हणते, लोक ‘सात सीटर’ म्हणतात. पण तिसऱ्या ओळीत मोठं माणूस मानवतपर्यंतसुद्धा सुखानं बसत नाही, आणि ती ओळ उघडी ठेवली तर पहिल्या पिढीच्या अर्टिगात डिक्की उरते १३५ लिटर. ती ओळ पाडून टाका. २०१८ नंतरच्या गाडीत तेव्हा ५५० लिटर जागा होते. पाच माणसं, लांब सपाट डिक्की, मोटारीचं बूड : स्टेशन वॅगन याहून वेगळी नसते.

चालवण्याच्या मजेला आपल्याकडं कुणी निकष मानत नाही. ती पोरकट गोष्ट समजली जाते. मला तसं वाटत नाही. जी गाडी वळणावर विश्वास देते, तिच्यातच माणूस कमी थकतो. यामागचं गणित सोपं आहे : दोन चाकांमधल्या अंतराचा अर्धा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा संस्थेनं याच गुणोत्तरावर गाड्यांच्या उलटण्याची प्रतवारी सुरू केली. मोटारींचा आकडा साधारण १.३० ते १.५० मध्ये येतो, उंच एसयूव्ही आणि पिकअपचा १.०० ते १.३० मध्ये. त्यात वजनाची भर घाला. डिझेल अर्टिगा १२३५ किलो, बोलेरो सोळाशेच्या घरात. शिवाय सात माणसांच्या ओझ्यासाठी कडक केलेले पाटे एकट्या ड्रायव्हरखाली दबतच नाहीत, म्हणून रिकामी बोलेरो खचलेल्या कडेवरून उडते. आणि वॅगन म्हणजे सुस्त गाडी, असंही नाही : ब्रिटनच्या टुरिंग कार शर्यतीत १९९४ साली व्होल्व्होनं चक्क ८५० एस्टेट उतरवली होती, लांब डिक्कीसकट.

गाळपाच्या दिवसांत उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागं अडकून पाहा. अर्टिगाचं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या खाली झोपाळू आहे, हा त्याचा दोषच. पण तिसरा गिअर टाकून काटा तिथं नेला, की टर्बो जागा होतो आणि गाडी ट्रॉल्या मागं टाकून परत आपल्या बाजूला येते, अंग न झुकवता. जास्त मजा हवी असेल तर होंडाची २०१४ ची मोबिलिओ, ११९ अश्वशक्तीची पेट्रोल, ही यातली सगळ्यांत चपळ. रेनोची लॉजी ११० अश्वशक्तीची, लांबच्या पल्ल्याला त्याहून सरस. पण दोन्ही कधीच्याच बंद झाल्या. एक दिवा फुटला तर तो येईपर्यंत गाडी गॅरेजात. पाथरीत राहणाऱ्यानं अर्टिगाच घ्यावी. तिचं डिझेल इंजिन स्विफ्टमध्ये, डिझायरमध्ये तेच, त्याचीच भावंडं टाटा आणि फियाटच्या गाड्यांत. ते न उघडलेला मेस्तरी सापडणं कठीण. मारुतीनं एप्रिल २०२० मध्ये डिझेल बंद केलं, तेव्हा डिझेल हवी असेल तर २०१५ ते २०१९ मधली शोधावी. मरिनाच्या मोहात पडू नये. ती सापडलीच तर पंधरा वर्षं ओलांडलेली असते, आणि तशा खाजगी गाडीची नोंदणी नव्यानं करण्याचं शुल्क एप्रिल २०२२ मध्येच ६०० वरून ५,००० रुपये झालं. पर्यावरण कर वेगळा.

अर्टिगा घेताना एकच मोठा धोका : ती टॅक्सी म्हणून पिळलेली असण्याचा. पांढऱ्या पाटीवर विश्वास ठेवू नका, आरसीची मागची नोंद आणि सर्व्हिस सेंटरचा इतिहास काढा. मीटर मागं फिरवता येतं. ब्रेकच्या पॅडलचं झिजलेलं रबर आणि ड्रायव्हरच्या सीटची दबलेली कड मागं फिरत नाही. इंजिन सकाळी थंड असताना सुरू करा आणि चेनचा खुळखुळाट ऐका. लोअर आर्मचे बुश आपल्या रस्त्यांवर जातातच, त्याचे पैसे भावातून वजा करा. बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ पाहिल्याशिवाय इसार देऊ नका, आणि गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर एमएच २२ वर नाव चढेपर्यंत पूर्ण रक्कमही देऊ नका.

ज्याचा धंदाच माणसं भरभरून नेण्याचा आहे, ज्याची वस्ती खरोखर खडकाळ वाटेवर आहे, त्यानं बोलेरो घ्यावी; त्या कामात तिला तोड नाही. बाकीच्यांना ती का हवी, याचं टिकेल असं कारण पूर्वपक्षानं अजून दिलेलं नाही.