पीफॅम

पीफॅम : प्रथिनांतील डोमेन ओळखण्यासाठी वापरला जाणारा विदासंग्रह. प्रथिनाच्या साखळीतील जो भाग बहुधा स्वतंत्रपणे आपला त्रिमितीय आकार घेतो आणि उत्क्रांतीत निरनिराळ्या प्रथिनांत पुन्हा पुन्हा आढळतो, त्याला डोमेन म्हणतात. एरिक सोनहॅमर, शॉन एडी व रिचर्ड डर्बिन यांनी १९९५ मध्ये हे काम सुरू केले. सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स या सूत्रकृमीच्या जीनोमचे वाचन तेव्हा चालू होते आणि हाती येणाऱ्या जनुकांचे कार्य ठरवण्याची निकड होती. पहिल्या आवृत्तीत १७५ कुले (एकाच डोमेनच्या नातलग क्रमांचे गट) होती. २०२१ च्या ३५.० या आवृत्तीत १९,६३२.

रचना : प्रत्येक कुलाचा पाया म्हणजे सीड अलाइनमेंट, अर्थात निवडक प्रातिनिधिक क्रमांची (प्रथिनांतील अमिनो आम्लांच्या ओळींची) तपासून केलेली मांडणी. तिच्यावरून हिडन मार्कोव मॉडेल बनते. कोणत्या स्थानी कोणते अमिनो आम्ल किती संभाव्य, भर वा गळती कुठे पडू शकते, हे त्यात नोंदलेले असते. एचएमएमईआर ही आज्ञावली या मॉडेलशी नवा क्रम ताडून गुण देते. किती गुणांना सदस्यत्व द्यायचे ही मर्यादा मात्र सर्व कुलांना सरसकट नसते. संपादक ती कुलागणिक ठरवतात, आणि परके क्रम आत येऊ नयेत याकडे कटाक्ष असतो. संग्रहाची विश्वासार्हता मुख्यतः या निवाड्यावर उभी आहे. मर्यादा अशी कडक असल्याने दूरचा नातलग क्रम कधी तिच्याखाली राहतो. जुळणी न मिळणे हा डोमेन नसल्याचा पुरावा नव्हे.

क्रमातील एकाच स्थानचे अमिनो आम्ल दोन कुलांत मोडू नये, असा मूळ नियम होता (पुढे तो काहीसा शिथिल झाला). दोन कुले एकमेकांवर चढली, तर मर्यादा चुकली असावी किंवा दोहोंचा पूर्वज एक असावा. अशा सगोत्र कुलांसाठी २००५ च्या सुमारास ‘क्लॅन’ हा वरचा गट आला.

अज्ञात कार्याची डोमेन : यांना ‘डीयूएफ’ व क्रमांक देतात. नाव रूक्ष असले तरी ही नोंद मोलाची आहे : कार्य कळण्याआधीच एक जतन झालेला घटक सर्वांपुढे येतो. मुळात डीयूएफ१ व डीयूएफ२ म्हणून ओळखलेली डोमेन आज जीजीडीईएफ व ईएएल या नावांनी परिचित आहेत. पहिले चक्रीय डाय-जीएमपी हा संदेशवाहक रेणू तयार करते, दुसरे तो तोडते. जीवाणूने पोहत राहायचे की पृष्ठाला चिकटून थर धरायचा, हे पुष्कळदा या रेणूवर ठरते.

डोमेनच्या सीमा : क्रमावरून आखलेल्या सीमा सीएटीएच, एससीओपी या संरचनाधारित वर्गीकरणांशी सर्वत्र जुळत नाहीत.

इतर संग्रह : प्रोसाइट, स्मार्ट, सीडीडी हे संग्रहही अशाच कामासाठी वापरतात.

सद्यःस्थिती : प्रारंभीची अनेक वर्षे सँगर संस्थेत असलेला हा संग्रह २०१२ पासून त्याच हिंक्स्टन (इंग्लंड) परिसरातील युरोपियन बायोइन्फर्मेटिक्स इन्स्टिट्यूटकडे आहे. २०२३ पासून तो इंटरप्रो या एकत्रित संग्रहामार्फत पाहता येतो. वापर विनामूल्य आहे.